आत्महत्येच्या जोखमीची स्वतः भरायची चाळणी प्रश्नावली मराठीत कशी तयार करावी आणि कशी तपासावी

पदव्युत्तर प्रबंध असो की एखाद्या संस्थेचा प्रकल्प, ही प्रश्नावली करताना एकच वाट सर्रास धरली जाते. इंग्रजी प्रश्नावली घ्यायची, भाषांतर करायचं, व्हॉट्सअ‍ॅपवर फॉर्मची लिंक सोडायची, दोन-तीनशे उत्तरं आली की क्रॉनबॅकचा अल्फा काढायचा, आणि तो ०.८५ आला की 'प्रश्नावली विश्वासार्ह व वैध ठरली' असं लिहून मोकळं व्हायचं. यात दोन गोष्टी राहून जातात. ज्या मुलीने मध्यरात्री त्या फॉर्मवर 'हो' लिहिलं, तिच्यापर्यंत कोणी पोचलेलं नसतं. आणि अल्फाने एवढंच सांगितलेलं असतं की प्रश्न एकमेकांशी जुळतात. ते जोखमीशी जुळतात का, हे कोणी तपासलेलंच नसतं.

खालचा क्रम महाराष्ट्रातल्या १८ ते २५ वयाच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी, कागदावर किंवा मोबाइलवर स्वतः भरायच्या मराठी प्रश्नावलीचा आहे. शाळकरी मुलं, शेतकरी कुटुंबं किंवा बाळंतिणींसाठी करायची असेल तर टप्पे हेच राहतील; शब्द, नमुना आणि कटऑफ (किती गुणांपासून पुढे विचारपूस करायची ती सीमा) पुन्हा पहिल्यापासून ठरवावे लागतील.

हे वाचताना स्वतःबद्दल किंवा जवळच्या कुणाबद्दल काळजी वाटली तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत, विनाशुल्क, चोवीस तास बोलता येतं.

## टप्पा १ : उद्देश एका वाक्यात लिहा

पहिली चूक इथेच होते. 'आत्महत्या करणाऱ्यांचा अंदाज बांधणे' असा उद्देश लिहिला जातो आणि ते कोणत्याही प्रश्नावलीला जमत नाही. २०१७ साली ५० वर्षांतल्या ३६५ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. माहीत असलेले जोखीम-घटक वापरून केलेलं भाकीत नाणेफेकीपेक्षा जेमतेम बरं ठरतं, असा त्याचा निष्कर्ष होता. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या नाइस या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनाही स्पष्ट आहेत: अशा साधनांच्या आधारे भविष्यातल्या आत्महत्येचं भाकीत करू नये आणि कोणाला उपचार द्यायचे हेही ठरवू नये.

चाळणीला झेपेल असा उद्देश असा लिहिता येईल: 'महाविद्यालयातल्या १८ ते २५ वयाच्या विद्यार्थ्यांपैकी प्रशिक्षित व्यक्तीने आजच समोर बसून ज्यांची सविस्तर विचारपूस करायला हवी, असे विद्यार्थी ओळखणे.' यातल्या 'आजच' या शब्दाने प्रश्नांचा कालावधी ठरतो आणि 'समोर बसून' या शब्दांनी मनुष्यबळाचा हिशेब ठरतो.

यानंतर काय मोजायचं ते वेगवेगळं लिहून काढा:

- मरण यावं असं वाटणं, पण स्वतः काही करण्याचा विचार नसणं
- स्वतःचा जीव घेण्याचा विचार
- तो कसा, कुठे, कधी याची योजना
- तसं करण्याचा इरादा
- तयारी, ऐन वेळी थांबणं किंवा कुणीतरी थांबवणं
- मरण्याच्या हेतूने केलेली कृती
- मरण्याचा हेतू नसताना स्वतःला केलेली इजा

शेवटची गोष्ट कायम वेगळी ठेवा. नैराश्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या पीएचक्यू-९ मधल्या नवव्या प्रश्नात 'मेलेलं बरं' असं वाटणं आणि 'स्वतःला इजा करावी' असं वाटणं एकाच वाक्यात आलेलं आहे. 'हो' आल्यावर नेमकं कशाला 'हो' म्हटलं, ते कळत नाही. नव्या प्रश्नावलीत हा दोष पुन्हा येऊ देऊ नका.

पडताळा: दहा काल्पनिक प्रसंग लिहा. चमूतल्या दोघांनी एकमेकांना न विचारता ते वरच्या सात कप्प्यांत टाकावेत. दोनपेक्षा जास्त प्रसंगांत मतभेद झाला तर व्याख्या अजून सैल आहेत. त्या घट्ट झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा २ : सुरक्षेची साखळी आधी उभी करा

हा टप्पा प्रश्न लिहिण्याच्या आधीचा आहे. पहिल्या दहा जणांच्या चाचणीतही खरा, संकटात असलेला माणूस समोर येऊ शकतो.

आत्महत्येबद्दल विचारलं तर डोक्यात नसलेला विचार घातल्यासारखं होईल, ही भीती प्राचार्यांपासून पालकांपर्यंत सगळे बोलून दाखवतात. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या शाळांत केलेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीत असे प्रश्न विचारल्याने मुलांचा ताण किंवा आत्महत्येचे विचार वाढल्याचं दिसलं नाही. विचारण्यात धोका नसतो. विचारून मग कोणीच न भेटण्यात असतो.

किमान व्यवस्था अशी हवी:

१. उत्तरं कोण, कधी वाचणार. कागदी फॉर्म असेल तर विद्यार्थी खोलीबाहेर पडण्याआधी एका सुरक्षा-जबाबदार व्यक्तीने धोक्याचे प्रश्न डोळ्यांखालून घालावेत. मोबाइलवर असेल तर सूचना त्याच क्षणी तिच्या फोनवर जावी.

२. तीन स्तरांचा प्रतिसाद. सध्या इरादा किंवा योजना असेल, किंवा गेल्या तीन महिन्यांत प्रयत्न झाला असेल तर त्याच तासात भेट. तोवर त्या विद्यार्थ्याला एकटं सोडायचं नाही आणि मनोविकारतज्ज्ञाकडे त्याच दिवशी तपासणी. विचार आहेत पण इरादा नाही, तर त्याच दिवशी समुपदेशकाची मुलाखत. फक्त ताण किंवा निराशा असेल तर तीन दिवसांत भेट. तातडीसाठी ११२ हा आपत्कालीन क्रमांक हाताशी ठेवा; जवळच्या रुग्णालयाच्या मनोविकार विभागाशी आधीच बोलून ठेवा आणि तसं लेखी घ्या.

३. वेळ. सोमवार ते गुरुवार, सकाळी १० ते दुपारी ३. शुक्रवारी, सुट्टीच्या आदल्या दिवशी, निकालाच्या दिवशी आणि रात्री फॉर्म उघडा ठेवू नका.

४. दिवसाची कमाल मर्यादा. दोन मुलाखतकार असतील आणि एका मुलाखतीला ४० मिनिटं लागत असतील तर पाच तासांत जास्तीत जास्त १४ मुलाखती होतात. ३० विद्यार्थ्यांना प्रश्नावली दिली आणि त्यातले सहा चाळणीत अडकले, तर तुलनेसाठी न अडकलेल्यांतल्या काही जणांना घेऊनही वेळ पुरतो. दीडशे जणांच्या वर्गात एकदम वाटली की ही व्यवस्था कोलमडते.

सावधान: निनावी ऑनलाइन फॉर्ममध्ये इरादा, योजना आणि प्रयत्नाचे प्रश्न घालू नका. उत्तर देणारा कोण हे कळणारच नसेल तर ते विचारण्याचा अधिकार आपल्याकडे राहत नाही. नावाऐवजी सांकेतिक क्रमांक वापरा आणि क्रमांक-नावाची यादी वेगळी, कुलूपबंद ठेवा. मात्र गरज पडताच ती पाच मिनिटांत उघडता आली पाहिजे.

## टप्पा ३ : नीतिसमिती आणि संमतिपत्र

संस्थात्मक नीतिसमितीकडे जाताना आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं हाताशी ठेवा. १८ खालचे सहभागी घेतलेत तर पालकांची संमती आणि मुलाची स्वतःची मान्यता दोन्ही लागतात. म्हणून पहिली आवृत्ती १८ च्या वरच ठेवणं सोपं.

संमतिपत्रात गोपनीयतेची मर्यादा पहिल्या परिच्छेदात, साध्या भाषेत लिहा: 'तुमची उत्तरं कॉलेजला, शिक्षकांना किंवा घरी कळवली जाणार नाहीत. मात्र तुमच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर आम्ही आधी तुमच्याशी बोलू आणि गरज पडल्यास तुमच्या जवळच्या व्यक्तीला किंवा डॉक्टरांना सांगू.' हे वाक्य वगळलं तर जास्त 'हो' मिळतील, पण मग दिलेला शब्द मोडावा लागेल.

'लिहिलं तर पोलीस येतील का' हा प्रश्न विद्यार्थी विचारतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरलं जातं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणाऱ्या, दंड संहितेतल्या जुन्या कलम ३०९ सारखं सर्वसाधारण कलम नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतं वेगळं कलम आहे. माहितीपत्रकात हे दोन ओळींत सांगा.

मिळालेले गुण वसतिगृह, प्रवेश किंवा शिस्तीच्या निर्णयासाठी वापरले जाणार नाहीत, असं कॉलेजकडून लेखी घ्या. हे पत्र मिळत नसेल तर त्या कॉलेजात काम करू नका.

## टप्पा ४ : आधी शब्द गोळा करा, मग प्रश्न लिहा

आधीची प्रश्नावली मराठीत आणायची असेल तर मूळ हक्कधारकांची परवानगी, दोन स्वतंत्र भाषांतरं, त्यांचा मेळ आणि उलट भाषांतर (मराठीतून परत मूळ भाषेत) हा रस्ता आहे. टप्पा ५ पासून पुढचं काम त्यालाही चुकत नाही. नवी करायची असेल तर अशा विचारांतून गेलेल्या आणि आता स्थिर असलेल्या १५ ते २० जणांशी, त्यांच्या उपचारकांच्या संमतीने, एकेकट्याने बोला. गटचर्चा नको. 'त्या काळात मनात काय यायचं, ते कसं म्हणाल?' असं विचारा आणि उत्तर शब्दशः उतरवा.

अंतिम प्रश्नावलीत १० प्रश्न हवे असतील तर सुरुवातीला ३० लिहा. लिहिताना पुढच्या अडचणी हमखास येतात.

मोघम वाक्प्रचार. 'जिवाचं बरंवाईट करून घ्यावंसं वाटलं' हे घराघरांत बोललं जातं, पण त्यात इजा आणि मृत्यू दोन्ही बसतात. 'जीव नकोसा झाला' हे उकाड्याबद्दलही म्हणतात आणि परीक्षेबद्दलही. असे शब्द मुलाखतीत ऐकायला उपयोगी आहेत; गुण मोजणाऱ्या प्रश्नात नकोत. थेट लिहा: 'स्वतःचा जीव घेण्याचा विचार मनात आला.'

नकारार्थी वाक्य आणि 'नाही' हा पर्याय. 'मला जगावंसं वाटत नाही' यापुढे 'हो / नाही' असेल तर 'नाही' म्हणजे 'नाही वाटत' की 'तसं नाही'? काही मुलं एका अर्थाने घेतात, काही दुसऱ्या. सगळे प्रश्न होकारार्थी लिहा.

क्रियापदाचं लिंग. 'मी खचलो' लिहिलं की मुलींना ते परकं वाटतं आणि 'खचलो/खचले' लिहिलं की वाचन अडखळतं. 'मला वाटलं', 'माझ्या मनात आलं', 'मी प्रयत्न केला' या रचनांत अडचण येत नाही. दोन आवृत्त्या काढायची गरज उरत नाही.

कालावधी. 'गेल्या महिन्यात' म्हणजे काही जणांना कॅलेंडरवरचा मागचा महिना, काहींना मागचे ३० दिवस. 'आज धरून मागच्या १४ दिवसांत' असं लिहा आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर पुन्हा छापा.

प्रमाणदर्शक शब्द. 'कधीकधी', 'बरेचदा' यांचं माप प्रत्येकाचं वेगळं असतं. दिवस विचारा: एकदाही नाही, १–२ दिवस, ३–६ दिवस, ७ किंवा जास्त दिवस.

साधनांची यादी. आत्महत्येच्या पद्धतींची नावं प्रश्नात कधीही लिहू नका. 'ते कसं करायचं याचा विचार केला होता का?' एवढं पुरतं; तपशील मुलाखतीत विचारले जातात.

रचना दोन भागांची ठेवा. भाग 'अ' मध्ये विचारांची वारंवारता आणि तीव्रता मोजणारे ६ ते ८ प्रश्न, ज्यांची बेरीज होते. भाग 'ब' मध्ये योजना, येत्या दिवसांतला इरादा, गेल्या तीन महिन्यांतला प्रयत्न आणि आयुष्यातला कुठलाही प्रयत्न, असे चार 'हो/नाही' प्रश्न. त्यांची बेरीज करायची नाही; पहिल्या तिघांपैकी एकाला जरी 'हो' आलं तरी कारवाई सुरू होते. आयुष्यात पूर्वी कधी प्रयत्न झाला असेल तर त्याच दिवशीची मुलाखत. प्रयत्न आणि विचार एकाच बेरजेत टाकले की चार सौम्य 'हो' आणि एक गंभीर 'हो' कागदावर सारखेच दिसतात.

'पहिल्या प्रश्नाला नाही म्हटलं तर पुढचे सोडा' अशी उडी ठेवू नका. विचार नाकारणारे काही जण प्रयत्नाच्या प्रश्नाला मात्र 'हो' म्हणतात.

पडताळा: प्रत्येक वाक्य १२ ते १५ शब्दांच्या आत, एका वाक्यात एकच गोष्ट, आणि 'किंवा' शब्द दिसला की वाक्य फोडायचं.

## टप्पा ५ : तज्ज्ञांची छाननी

मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मानसमापनतज्ज्ञ (मानसिक चाचण्यांचं मोजमाप जाणणारे), महाविद्यालयीन समुपदेशक, मराठी भाषेची जाण असलेली व्यक्ती आणि स्वतः या अनुभवातून गेलेले किमान दोघं असे आठ जण घ्या. प्रत्येक प्रश्न किती समर्पक आहे, हे त्यांनी १ ते ४ मध्ये सांगायचं. ३ किंवा ४ देणाऱ्यांचं प्रमाण म्हणजे त्या प्रश्नाचा आशय-वैधता निर्देशांक. सहा किंवा अधिक तज्ज्ञ असताना तो ०.७८ च्या खाली नको. आठांपैकी सात जणांनी होकार दिला तर ०.८७५, प्रश्न राहतो. सहा जणांनी दिला तर ०.७५, तो दुरुस्त होतो किंवा जातो. सगळ्या प्रश्नांची सरासरी ०.९० च्या वर हवी.

सगळ्या तज्ज्ञांनी सगळ्याला ४ दिले तर आनंद मानू नका. 'यात काय सुटलंय?' हा प्रश्न वेगळा विचारा. आकड्यांपेक्षा उपयोगी माहिती बहुधा तिथून मिळते.

## टप्पा ६ : कॉग्निटिव्ह मुलाखती

वगळला जाणारा आणि सगळ्यात जास्त फळ देणारा टप्पा हाच. विद्यार्थ्याने एकेक प्रश्न वाचायचा आणि उत्तर देताना मनात काय चाललंय ते मोठ्याने सांगायचं. मग विचारायचं: 'हे तुमच्या शब्दांत सांगा', 'मागचे १४ दिवस म्हणजे कुठून कुठपर्यंत धरलेत?', 'हा प्रश्न मित्राला विचारला तर तो खरं सांगेल का?'

प्रत्येक फेरीत ८ ते १० जण, किमान तीन फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीनंतर दुरुस्ती. सगळे पुण्यातले घेऊ नका. वऱ्हाड, मराठवाडा, खानदेश आणि कोकण प्रत्येकी दोघं-तिघं हवेत. मराठी माध्यमातून आणि इंग्रजी माध्यमातून आलेले दोन्ही हवेत. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना 'इरादा', 'तीव्रता' असे शब्द अडतात. ग्रामीण भागातल्या मुलांना 'फ्रस्ट्रेशन' कळतं, पण ते त्याचा अर्थ राग असा घेतात. एक शब्द दोन भागांत दोन अर्थांनी घेतला जात असेल तर प्रमाण मराठीचा आग्रह सोडून तो बदला.

फोनवर भरायची प्रश्नावली फोनवरच तपासा. छोट्या पडद्यावर चौथा पर्याय खाली लपतो आणि त्याला कोणी बोट लावत नाही.

पडताळा: एका संपूर्ण फेरीत एकही नवी अडचण निघाली नाही, तरच थांबा.

## टप्पा ७ : पायलट

३० ते ५० विद्यार्थी. भरायला लागलेला वेळ (१० ते १२ प्रश्नांना ४ ते ६ मिनिटं पुरतात), सोडलेली उत्तरं आणि सुरक्षेची साखळी, एवढंच पाहायचं. साखळीची एक खोटी रंगीत तालीमही करा: चमूतल्या कोणीतरी भाग 'ब' मध्ये 'हो' लिहावं आणि किती मिनिटांत माणूस पोचतो ते घड्याळ लावून बघावं.

सावधान: सोडलेलं उत्तर म्हणजे शून्य नव्हे. भाग 'ब' मधला प्रश्न सोडला असेल तर त्या विद्यार्थ्याची त्याच दिवशी विचारपूस करा.

## टप्पा ८ : अंतर्गत रचना आणि विश्वासार्हता

आता आकडेमोड. भाग 'अ' साठी किमान ६०० उत्तरं घ्या: ३०० शोधक घटक विश्लेषणासाठी (कोणते प्रश्न मिळून एकच गोष्ट मोजतात ते शोधायला) आणि वेगळी ३०० पुष्टीकारक विश्लेषणासाठी (सापडलेली रचना नव्या उत्तरांवर टिकते का ते पाहायला). दोन्ही एकाच नमुन्यावर केलं तर आपलंच उत्तर आपण तपासल्यासारखं होतं.

अशा प्रश्नांना बहुतेक जण 'एकदाही नाही' म्हणतात, त्यामुळे उत्तरं एका टोकाला गोळा होतात. साधा पिअर्सन सहसंबंध इथे फसवतो; क्रमवार पर्यायांच्या उत्तरांसाठीचा पॉलिकोरिक सहसंबंध वापरा, किती घटक ठेवायचे हे समांतर विश्लेषणाने (यादृच्छिक आकड्यांशी तुलना करून) ठरवा आणि पुष्टीकारक विश्लेषणात क्रमवाचक माहितीसाठीची डब्ल्यूएलएसएमव्ही पद्धत घ्या. रचना उत्तरांशी किती जुळते हे सांगणाऱ्या निर्देशांकांपैकी सीएफआय ०.९५ च्या आसपास किंवा वर आणि आरएमएसईए ०.०६ च्या आसपास किंवा खाली असणं हे नेहमीचे संकेत आहेत. ते निकालाला पूरक आहेत, निकाल नाहीत. भाग 'ब' या विश्लेषणात घालू नका. प्रयत्न ही घडलेली गोष्ट आहे; ती कुठल्या सुप्त (थेट न दिसणाऱ्या) घटकाचं लक्षण म्हणून मोजायची नसते.

अल्फासोबत ओमेगा हा विश्वासार्हतेचा दुसरा निर्देशांकही द्या. अल्फा ०.९५ च्या वर गेला तर एकच प्रश्न शब्द फिरवून तीनदा विचारला आहे का ते पाहा.

पुनर्चाचणी (त्याच विद्यार्थ्यांकडून पुन्हा भरून घेणं) २ ते ४ दिवसांत घ्या. दोन-तीन आठवड्यांनी घेतली तर विचारच बदललेले असतात आणि दोष प्रश्नावलीच्या माथी येतो. इथे एक अटळ गुंता आहे: पहिल्या फेरीत ज्यांची जोखीम दिसली त्यांना मदत मिळालेली असते, म्हणजे त्यांचे गुण उतरायलाच हवेत. म्हणून मदत मिळालेल्यांचे आणि न मिळालेल्यांचे आकडे वेगळे द्या. 'आयुष्यात कधी प्रयत्न' याचं उत्तर मात्र दोन्ही वेळा तेच यायला हवं. तिथे फरक आढळला तर दोष शब्दरचनेत आहे.

मुलगे-मुली, शहरी-ग्रामीण, कागद-मोबाइल या गटांत प्रश्न सारखंच वागतात का हेही तपासा; प्रत्येक गटात किमान २०० जण हवेत.

## टप्पा ९ : मुलाखतीशी तुलना

वैधतेचा खरा कस इथे लागतो. दुसऱ्या प्रश्नावलीशी सहसंबंध काढून भागत नाही. प्रशिक्षित व्यक्तीने घेतलेली रचनाबद्ध मुलाखत हाच निकष हवा. आत्महत्येच्या जोखमीसाठीच्या कोलंबिया मापनश्रेणीची मुलाखत किंवा मिनी या मानसिक आजारांच्या निदानाच्या मुलाखतीतला आत्महत्येचा भाग यासाठी वापरला जातो. 'मुलाखतीत धोका' कशाला म्हणायचं ते माहिती गोळा करण्याआधी लिहून ठेवा.

किती जण लागतील. सेन्सिटिव्हिटी (खरोखर धोक्यात असलेल्यांपैकी चाळणीने पकडलेल्यांचं प्रमाण) ०.९० अपेक्षित असेल आणि दोन्ही बाजूंना ०.०७ ची चूक चालणार असेल तर मुलाखतीत धोका आढळलेले ७१ जण लागतात. ०.०५ ची चूक हवी असेल तर १३९. विद्यार्थ्यांत असं प्रमाण ८ टक्के धरलं तर ७१ जण मिळायला सुमारे ८९० विद्यार्थी तपासावे लागतात. १०० विद्यार्थ्यांवर काढलेली सेन्सिटिव्हिटी आठ जणांवर उभी असते, आणि ती दशांशात छापणं गैर आहे.

कोणाची मुलाखत. फक्त चाळणीत अडकलेल्यांची मुलाखत घेणं ही सगळ्यात महागडी चूक. समजा १२०० पैकी २०० जण अडकले आणि मुलाखतीत त्यातल्या ६० जणांत धोका आढळला. उरलेल्या १००० पैकी चिठ्ठ्या टाकून २५० जणांची मुलाखत घेतली, त्यात तीन जण सापडले. भाबड्या हिशेबाने सेन्सिटिव्हिटी ६३ पैकी ६०, म्हणजे ९५ टक्के. पण त्या २५० मधला प्रत्येक जण चौघांचं प्रतिनिधित्व करतो, म्हणजे चाळणीतून सुटलेले अंदाजे १२. खरा हिशेब ७२ पैकी ६०, म्हणजे ८३ टक्के. हा चौपट भार न लावता लिहिलेला निबंध बारा मुलांना नऊने कमी करून तीन म्हणतो.

मुलाखतकाराला गुण कळू नयेत. अडकलेले आणि न अडकलेले एकाच रांगेत, मिसळून पाठवा. ज्यांना तातडी आहे त्यांना सुरक्षा-जबाबदार व्यक्तीने रांगेत पुढे घ्यावं, कारण न सांगता. यात सहाध्यायांनाही कोण 'अडकलं' ते कळत नाही. दोन मुलाखतकारांनी किमान ३० मुलाखती एकत्र पाहून स्वतंत्र नोंदी कराव्यात आणि त्यांचा मेळ आधी तपासावा. मुलाखत त्याच दिवशी. फार तर दुसऱ्या दिवशी.

सावधान: एका बाजूला मनोविकार विभागात दाखल असलेले रुग्ण आणि दुसऱ्या बाजूला निवांत विद्यार्थी घेऊन तुलना केली की आकडे देखणे येतात आणि प्रत्यक्षात टिकत नाहीत. घटक विश्लेषणासाठी रुग्णालयातले सहभागी मिसळता येतात. अचूकतेसाठी मात्र जिथे प्रश्नावली वापरायची तिथलेच, ओळीने येतील ते सगळे घ्यावे लागतात.

एएसक्यू हे आत्महत्येच्या जोखमीची चाळणी करणारं साधन आहे; दुसरीकडचे आकडे का उचलू नयेत याचं ते चांगलं उदाहरण. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अभ्यासात १७ प्रश्नांतून चार निवडले गेले. अमेरिकेतल्या मुलांच्या तीन तातडी विभागांत आलेले १० ते २१ वयाचे ५२४ रुग्ण नमुन्यात होते. सेन्सिटिव्हिटी ९६.९ टक्के आणि स्पेसिफिसिटी (धोका नसलेल्यांपैकी चाळणीने न अडकवलेल्यांचं प्रमाण) ८७.६ टक्के आली. पण ते प्रश्न तोंडी विचारले गेले होते आणि निकष होता दुसरी प्रश्नावली. ते आकडे उचलून मराठी मोबाइल फॉर्मला चिकटवता येत नाहीत.

## टप्पा १० : कटऑफ

संगणक सुचवतो तो यूडेन निर्देशांकाचा बिंदू (जिथे सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटीची बेरीज सगळ्यात मोठी येते) आंधळेपणाने घेऊ नका. तो सुटलेला विद्यार्थी आणि विनाकारण बोलावलेला विद्यार्थी यांना सारखं वजन देतो. इथे ते सारखं नाही. आधी किमान सेन्सिटिव्हिटी ठरवा, मग तिच्यात बसणारी सगळ्यात चांगली स्पेसिफिसिटी शोधा, आणि मग मुलाखतकारांच्या क्षमतेशी ताडून पाहा.

१००० विद्यार्थी, धोक्याचं प्रमाण ५ टक्के, सेन्सिटिव्हिटी ०.९०, स्पेसिफिसिटी ०.८८ धरा. ५० पैकी ४५ सापडतील, ५ सुटतील. ९५० पैकी ११४ विनाकारण अडकतील. म्हणजे बोलावलेल्या १५९ पैकी ४५, साधारण २८ टक्के, खरोखर धोक्यात. प्रमाण १ टक्का असेल तर हेच साधन बोलावलेल्या १२८ जणांमागे ९ जण शोधेल. हे गणित कॉलेजच्या व्यवस्थापनासमोर आधीच मांडा, नाहीतर पहिल्या महिन्यातच 'प्रश्नावली चुकते' अशी तक्रार येईल.

आत्महत्येच्या विचार-वर्तनाच्या एसबीक्यू-आर या चार प्रश्नांच्या साधनाला सर्वसाधारण तरुणांसाठी ७ आणि दाखल प्रौढ रुग्णांसाठी ८ असे वेगळे कटऑफ सुचवलेले आहेत. कटऑफ प्रश्नावलीचा एकटीचा नसतो, ती जिथे वापरली त्या जागेचाही असतो. म्हणून ज्या नमुन्यावर तो काढला, त्यावरच तो तपासू नका. दुसऱ्या जिल्ह्यातल्या दुसऱ्या कॉलेजांत नवा नमुना घ्या. प्रत्येक आकड्यासोबत ९५ टक्के विश्वास-अंतर (खरा आकडा ज्या मर्यादांत असण्याची शक्यता आहे त्या) द्या. अहवाल लिहिताना चाचण्यांच्या अचूकतेचे अभ्यास कसे मांडावेत हे सांगणारी स्टार्ड २०१५ ची ३० मुद्द्यांची यादी एकेक करून ताडा.

सावधान: गुण कटऑफखाली आले म्हणून बोलायला आलेल्या विद्यार्थ्याला परत पाठवू नका. भाग 'ब' मधलं 'हो', मित्राने कळवलेली काळजी किंवा समुपदेशकाची शंका, यांतलं काहीही गुणांपेक्षा वरचढ.

## टप्पा ११ : मॅन्युअल आणि वापरावर नजर

प्रश्नावली एकटी कधीच वाटू नका. सोबतच्या मॅन्युअलमध्ये उद्देशाचं वाक्य, कोणासाठी नाही याची यादी, सूचना जशाच्या तशा, गुण देण्याची पद्धत, सोडलेल्या उत्तरांचे नियम, तीन स्तरांचा प्रतिसाद आणि नमुन्याचं वर्णन हवं. एखादी संस्था शब्द बदलणार असेल किंवा प्रश्न कमी करणार असेल तर ती नवी प्रश्नावली होते आणि टप्पा ६ पासून पुन्हा काम करावं लागतं, हेही त्यात लिहा.

वापरणाऱ्या प्रत्येक केंद्राने महिन्याची चार आकड्यांची नोंद ठेवावी: किती जणांनी भरली, किती अडकले, त्यातल्या कितींची त्याच दिवशी मुलाखत झाली, आणि न अडकलेल्यांपैकी नंतर किती जण संकटात आढळले. तिसरा आकडा दुसऱ्याच्या बरोबरीने आला नाही तर त्या केंद्राने वाटप थांबवावं, मुलाखतकार वाढवावेत आणि मगच पुन्हा सुरू करावं. चौथा आकडा वाढताना दिसला तर टप्पा ९ ची तुलना नव्या नमुन्यावर पुन्हा घ्यावी.